वाऱ्याच्या खालच्या अंगाला

आमचे दाजी कुणाशीही बोलायला उभे राहण्याआधी खाली वाकत, चिमूटभर माती उचलत आणि हळूच सोडून देत. माती कुठल्या बाजूला जाते ते डोळे बारीक करून बघत. मग समोरच्या माणसाला वळसा घालून अशा बेताने उभे राहत, की वारा त्या माणसाकडून त्यांच्याकडे यावा. एवढं जमलं म्हणजे म्हणत, "हं, बोला आता."

खळ्यावर ज्वारी उपणायची असली की आमच्याकडे असा वारा बघतात, नाहीतर सगळा भुसा तोंडावर येतो. तेव्हा माती सोडून बघण्यात नवल काही नाही, लेकराबाळांनाही ते ठाऊक असतं. पण 'जेवण झालं का' एवढं विचारण्यासाठी वारा बघणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. एकदा गावातल्या एका मयतीला आम्ही बरोबर गेलो होतो. माणसं रडत होती आणि दाजी भिंतीच्या कडेला वाकून माती सोडत होते. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, "तुमच्या दाजीचं काही हरवलं का?" मी म्हणालो, "व्हय, अंगठी." दुसरं काय सांगणार. मग तो म्हातारा आणि आणखी दोघंतिघं मयत बाजूला ठेवून अंगठी शोधायला लागले.

कारण सांगायची मला आजही लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. दाजी गांजा ओढत. तरुणपणी औंढ्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत ते बैराग्यांच्या धुनीपाशी बसले, कुणीतरी चिलीम पुढे केली, नाही म्हणणं बरं दिसेना म्हणून एक झुरका घेतला, असं ते सांगत. जत्रा उठली, बैरागी त्यांच्या वाटेने गेले. चिलीम दाजींकडे राहिली.

गांजा ओढणारे इतर लोकही मी पाहिले आहेत. ओढतात, डोळे लाल करून पारावर बसतात, कुणी काही बोललं तर हसतात. दाजींना ते जमलं नाही. आमचे दत्तराव दाजी म्हणजे चांगल्या घरचा माणूस, जमीन बऱ्यापैकी, वडील गावात चार माणसांचे तंटे मिटवणारे. दाजींना शरम होती. ती अशी होती, की ओढण्यात जेवढा वेळ जाई त्याच्या कितीतरी पट वेळ त्याचा वास घालवण्यात जाई. सकाळी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपीत, एक चिलीम व्हायची, आणि मग ऊन कलेपर्यंत तिचं निस्तरणं चालायचं.

त्यात मोठी अडचण अशी, की त्यांना स्वतःला तो वास येतच नसे. नाक सरावून गेलं होतं. त्यामुळे वास गेला की राहिला हे कळायला दुसऱ्याचं नाक लागे, आणि विश्वासाचं नाक म्हणून त्यांनी माझी नेमणूक केली होती. भेटलो की मनगट पुढे करत, कधी सदऱ्याची कॉलर, आणि आवाज खाली आणून विचारत, "मेव्हणे, येतो का?" काय येतो ते बोलत नसत. 'वास' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "येतो का?" एवढंच. मी म्हणे, "न्हाई येत, दाजी." येत असे. चांगला येत असे.

आणि एवढं जपलेलं ते गुपित सगळ्या गावाला माहीत होतं. दाजी चावडीवरून गेले की म्हातारे एकमेकांकडे बघत, बायका पदर नाकाला लावत, पण तोंडावर कुणी काही बोलत नसे. न बोलणाऱ्यांना वाटे आपण त्यांची अब्रू राखतोय. दाजींना वाटे आपला उपाय लागू पडतोय.

डोंगरकडा या गावी माझं जनरल स्टोअरचं दुकान. साबण, तेल, बांगड्या, वह्या, कंदिलाच्या काचा, पुढे पुढे शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. दाजींचं गाव तिथून कोसभर. बाजाराच्या दिवशी ते यायचे आणि नवीन सुगंधी काय आलंय ते विचारायचे. आमच्या भागात शाम्पूची पहिली पुडी घेतली ती डोक्यावरचे केस गेलेल्या माझ्या दाजींनी. ती त्यांनी मिशीला लावली.

त्याआधी घरगुती उपाय सगळे झाले होते. हाताला चिंच चोळायची, तोंडात लिंबाचा पाला धरायचा, त्यावर कच्चा कांदा खायचा. कांद्यामुळे समोरचा माणूस मुळात जवळच येत नसे, म्हणून तो उपाय त्यांनी बरेच दिवस टिकवला. गोवऱ्या पेटवून त्या धुरात उभं राहणं हा दुसरा. त्याने 'जातो' असं त्यांचं म्हणणं. जात वगैरे काही नसे, उलट गांजा ओढता ओढता घर पेटलं आणि माणूस तेवढा वाचला, असा काहीतरी वास यायला लागे.

एकदा जमिनीच्या कामाला आम्हाला कळमनुरीच्या तहसिलात जायचं होतं. बसमध्ये वारा बघता येत नाही, ही दाजींची पंचाईत. म्हणून त्यांनी निघण्याआधी अंगाला बाम चोळला. छातीला, पाठीला, मानेला, बगलेत. वरून नीलगिरीचं तेल. बस सुटली, माणसं चेंगरून बसलेली, ऊन वर आलं आणि दाजी तापायला लागले. पुढच्या बाकावरच्या बाईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तिच्या मांडीवरचं लेकरू शिंकायचं थांबेना. कंडक्टर डोळे पुसत मागे आला आणि म्हणाला, "कौन बीमार है इधर?"

"मी," दाजी म्हणाले.

कंडक्टर भला माणूस. त्याने लोकांना उठवून अख्खं बाक त्यांना आडवं व्हायला दिलं. दाजी कळमनुरीपर्यंत डोळे मिटून निपचित पडून राहिले. लोक मला विचारत होते, काय झालंय, आणि मी सांगत होतो, छातीचं आहे. एका म्हातारीने त्यांच्यासाठी नागनाथाला नवससुद्धा बोलला. उतरल्यावर दाजी माझ्या कानाशी आले, "मेव्हणे, येतो का?" मी म्हणालो, "न्हाई येत." त्या दिवशी मी खरं बोललो, कारण माझं नाकच बंद पडलं होतं.

कपड्यांचीही रीत ठरलेली होती. एक जोड आखाड्यावरचा, एक घरचा. घरचे कपडे लांब बांधावरच्या बाभळीला टांगलेले असत. चिलीम झाली की विहिरीवर आंघोळ, मग अंगाला काळी माती फासून पुन्हा आंघोळ, मग ओल्या अंगाने बांधावरून फेऱ्या, आणि सगळं वाळल्यावर घरचा जोड. एका दिवशी आंघोळ चालू असताना तांड्यावरच्या शेळ्या आल्या आणि घरच्या धोतराचा निम्मा भाग खाऊन गेल्या. आखाड्यावरचे कपडे घालून घरी जाणं दाजींना मंजूर नव्हतं. खताचं रिकामं पोतं कमरेला गुंडाळून ते तुरीत बसून राहिले, दिवस मावळला की गुपचूप घर गाठू म्हणून. शेळ्यांमागची लमाण बाई काळजीने गावात आली आणि सांगितलं, दत्तराव मालक तुरीत उघडे बसून राहिलेत, त्यायला काही बाधा झाली वाटतं. मग माझी बहीण आक्का, शेजारपाजार, अंगारा घेतलेला एक देवऋषी, अशी वरातच शेताकडे निघाली. तुरीतून दाजींचा आवाज आला, "जवळ येऊ नका. वारा तुमच्याकडं हाय."

सोडायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. एका श्रावणात आक्काच्या समोर त्यांनी चिलीम विहिरीत फेकून दिली. आक्काने देवापुढे साखर ठेवली. आठवडा उलटला नाही तोच दाजी म्हणायला लागले, विहिरीत गाळ फार साचलाय. भर पावसाळ्यात, विहीर काठोकाठ भरलेली असताना गाळ काढायला निघालेला शेतकरी गावाने तेव्हाच पाहिला. आक्काने देवापुढची साखर उचलली आणि चहात टाकली.

हे आज मी हसत सांगतोय. तेव्हा हसू येत नसे. बाजाराच्या दिवशी दाजी दुकानात आले की माझी बायको मुकाट्याने उदबत्ती लावायची. गिऱ्हाईक नाक वर करून इकडेतिकडे बघायचं आणि मी मान खाली घालून पुडा बांधायचो. दुकानदाराला गिऱ्हाईकही हवं आणि बहिणीचं घरही हवं, त्याने जावं कुठे? दाजींच्या हे ध्यानात आलं असावं. पुढे ते दुकानाची पायरी चढेनासे झाले. रस्त्यापलीकडे लिंबाखाली उभे राहायचे आणि तिथूनच आवाज द्यायचे, "मेव्हणे, एक साबण द्या. साधा नको, तो फुलाचा." म्हणजे वासाचं नाव घ्यायचं नाही आणि वासाचाच मागायचा. सगळा बाजार वळून बघायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण एका गोष्टीची आम्हाला लाज वाटत नसे, राग येई. दाजी आपल्या पोरीला जवळ करत नसत. संगीता त्यांची एकुलती एक. तान्ही असताना बापाच्या खांद्यावरून उतरत नव्हती, असं आक्का सांगायची. शाळेत जायला लागली आणि काय झालं कोण जाणे, दाजींनी तिला लांब केलं. ती जवळ आली की हे उठून दुसरीकडे. जेवायला वेगळे, झोपायला ओसरीच्या पार टोकाला. कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या, एक मायलेकींची आणि एक त्यांची, मध्ये सगळं अंगण. त्यांची लोखंडी पेटीसुद्धा गोठ्यात.

संगीता चौथीत पहिली आली तेव्हा मी तिथेच होतो. हातात पेढा घेऊन पोर धावत बापाकडे गेली. दाजी वाकले आणि माती सोडायला लागले. वारा त्यांच्या मनासारखा नव्हता, म्हणून ते मागे सरकत राहिले. पोरीने पेढा ओट्यावर ठेवला आणि घरात निघून गेली. ती गेल्यावर दाजींनी तो उचलून खाल्ला, पण तिला ते दिसलं नाही. गावात म्हणायचे, याला पोरगा पाहिजे होता, पोरगी झाली म्हणून असा वागतो. मलाही तसंच वाटायचं. गांजा ओढणाऱ्या माणसाविषयी वाईट मत करून घ्यायला फारसा विचार करावा लागत नाही.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा संगीताला शिरड शहापूरचं स्थळ सांगून आलं. मुलगा शाळेवर मास्तर, वडील माळकरी, घरात विडीचंही नाव नाही. मध्यस्थाने तेवढं बजावून सांगितलं होतं. म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते वासावर. तो पाव्हण्यांच्या नाकात गेला की स्थळ गेलं, आणि का गेलं ते आसपासच्या सगळ्या गावांना कळणार. पोरीला मग विचारणार कोण?

दाजी म्हणाले, "मी त्या दिशी परभणीला जातो. काम निघालं म्हणून सांगा."

आक्का कधी नव्हे ती चिडली. "पोरीचा बाप जित्ता असून घरी न्हाई, हे पाव्हण्याला सांगू? काहून न्हाई म्हणून विचारलं तर काय सांगू?"

मग दाजींचं लक्ष परसाकडे गेलं. हळदीचे दिवस होते. ज्याच्या त्याच्या शेतात कढया चढलेल्या, आणि दाजींची हळद यंदा घरामागच्या परसातच शिजत होती. शिजत्या हळदीपुढे दुसरा कुठला वास टिकत नाही. ती वाफ कपड्यांत, केसांत, नखांत जाऊन बसते, माणूस होळीपर्यंत हळदीचाच वास मारतो. एवढी वर्षं फुलाचे साबण हुडकत फिरलेल्या माणसाला उपाय घरामागेच सापडला.

पाव्हणे यायचे होते त्या दिवशी दाजींनी चिलमीला हात लावला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांचे हात कापत होते, घाम सुटला होता. तसेच ते कढईच्या वाफेत जाऊन बसले. पाव्हण्यांसाठी ठेवलेलं पांढरं धोतर आणि सदरासुद्धा त्याच वाफेवर धरून काढला आणि अंगावर चढवला. मी दुपारी पोचलो तेव्हा एक पिवळा माणूस माझ्यापुढे मनगट धरून उभा होता.

"मेव्हणे, येतो का?"

"येतो दाजी, हळदीचा येतो."

दाजी हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं असेल.

मी बैठक घालायला आत गेलो. तेवढ्यात दाजींच्या मनात आलं, तोंड जरा जास्तच पिवळं दिसतंय. त्यांनी कपडे धुण्याचा साबण घेतला आणि तोंड, मान, हात खसाखसा घासले. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे हळद पिकवणाऱ्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण घाबरलेल्या माणसाला काय आठवतं? साबणाचं पाणी धोतरावर ओघळलं, सदऱ्यावर उडालं, आणि जिथे जिथे उडालं तिथे तिथे कुंकू सांडल्यासारखं झालं. बदलायला दुसरं धोतर होतं, पण ते गोठ्यातल्या पेटीतलं, त्याला जुना वास. त्याच वेळी दारात जीप थांबली.

मुलाचे वडील उतरले. पांढरे कपडे, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. त्यांनी पिवळ्या तोंडाच्या आणि लाल धोतराच्या दाजींकडे बघितलं आणि म्हणाले, "इथं तर पोरीच्या आधी बापालाच हळद लागली." सगळे हसले. दाजीही हसले. सुरुवात काही वाईट झाली नाही.

पाव्हण्यांना उकडू नये म्हणून मी माझ्या घरचा टेबल फॅन नेऊन लावला होता. तीच माझी चूक झाली. तो मान फिरवणारा फॅन. त्याचा वारा आत्ता इकडून तर आत्ता तिकडून. दाजींनी सदऱ्याच्या खिशातून चिमूटभर माती काढली. घरातसुद्धा ते माती जवळ बाळगतात हे मला तेव्हा कळलं. मी डोळे वटारले तशी त्यांनी ती परत खिशात ठेवली, आणि फॅनबरोबर स्वतः सरकायला सुरुवात केली. फॅनचं तोंड पाव्हण्यांकडे वळलं की हे भिंतीला चिकटायचे, उलटं फिरलं की पुढे यायचे. सतरंजी त्यांच्याबरोबर गोळा होत चालली होती.

"पाव्हणं, कमरंची तकलीफ हाय का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"व्हय. जुनी हाय," दाजी म्हणाले.

बोलणी चांगली चालली होती. संगीता चहाचा ट्रे घेऊन आली. मुलाने एकदा बघितलं आणि मग बघतच राहिला. आक्का दाराआडून माझ्याकडे बघून मान हलवत होती. आणि लाईट गेली. फॅन थांबला. मागचं दार उघडं होतं, तिथून वाऱ्याची एक झुळूक आली, दाजींच्या पाठीवरून गेली आणि सरळ पाव्हण्यांच्या तोंडावर. मुलाच्या वडिलांनी नाक वर केलं. दोनदा श्वास घेतला आणि म्हणाले, "वास येऊन राहिला बरं का, पाव्हणं."

दाजी उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"माझा हाय," ते म्हणाले. "वास माझा हाय. गांजाचा. मी लय दिसापासून ओढतो. सोडून पाहिला, सुटला न्हाई. पण पोरीचा त्यात कसूर न्हाई. तिच्या कापडाला म्या लागू दिला न्हाई. तिची दोरी अलग, पेटी अलग, हांथरूण अलग."

मी त्यांचा हात ओढत होतो. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"पहिलीत होती ती. मी भाकर घेऊन शाळेत गेलो तर ही बाहेर पडवीत बसलेली, एकटी. आतून लेकरं म्हणून राहिली, हिच्या फ्रॉकला वास येतो, हिला आत घेऊ नका. तिनं घरी येऊन काही सांगितलं न्हाई. मायलाबी न्हाई. म्यासुद्धा इचारलं न्हाई, कसं इचारू? त्या दिसापासून म्या तिला कडंवर घेतलं न्हाई, मांडीवर घेतलं न्हाई, डोक्यावर हात ठेवला न्हाई. तुमी हुंगून पाहा तिची साडी. बराबर पाहा. काही येत न्हाई."

मुलाचे वडील खाली बघत होते. मग ते हलकेच म्हणाले, "मी हळदीचं म्हणून राहिलो होतो. मागं हळद शिजून राहिली ना, तिचा वास लय चांगला येऊन राहिला, असं म्हणनार होतो."

म्हणजे जन्मात एकदा दाजींचा उपाय पुरता लागू पडला होता, आणि तो त्यांनी आपल्याच तोंडाने मोडून टाकला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. दाजींकडे तर नाहीच. इतकी वर्षं आम्ही त्या माणसाला पोरीवर माया नसलेला म्हणत होतो.

पाव्हण्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले. दाजी मागच्या दाराने शेताकडे निघून गेले. संगीताने ट्रे खाली ठेवला आणि अंगणात आली. एका कडेला तिची आणि आक्काची दोरी, दुसऱ्या कडेला बापाचं एकच धोतर वाळत घातलेली दोरी. ती मधल्या जागेत उभी राहून कितीतरी वेळ त्या धोतराकडे बघत होती. मी हाक मारली, तर म्हणाली, "मामा, मला वाटायचं मी नको झाले त्यायला."

पुढच्या बाजारी मुलाचे वडील माझ्या दुकानात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. "पोरगी पसंत हाय," ते म्हणाले. "बाकीचं आमी ऐकलंच न्हाई असं समजा." त्यांनी एक नारळ घेतला आणि गेले. मी दुकान बायकोवर टाकून तसाच दाजींच्या गावी पळालो. आक्का रडायला लागली. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण ऐकलं तर व्हतं त्यानं. ऐकलं व्हतं ना, मेव्हणे?" ते पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिले.

लग्न उन्हाळ्यात झालं. दाजी सबंध दिवस आचाऱ्यांच्या चुलीपाशी धुरात उभे होते. कन्यादानाला भटजींनी बोलावलं तेव्हा आले, सांगितलेलं सगळं हात लांब ठेवून केलं आणि परत धुरात गेले. चिलीम सुटली नव्हती. त्या दिवशी ओढली होती का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनीही मनगट पुढे केलं नाही.

पाठवणीची वेळ झाली. संगीता आक्काच्या गळ्यात पडली, मावश्यांच्या पडली, माझ्या पडली. मग मान वर करून शोधायला लागली. दाजी मांडवाच्या पार बाहेर, जीपच्या पलीकडे बाभळीखाली उभे होते. वारा मांडवाकडून त्यांच्याकडे होता, तो त्यांनी आधीच बघून ठेवला असणार. त्यांनी तिथूनच हात वर करून तिला निरोप दिला.

संगीता जीपकडे गेली नाही. ती त्यांच्या दिशेने चालायला लागली. अर्ध्या वाटेत थांबली, शालू सावरून खाली वाकली आणि चिमूटभर माती उचलली. बायकांना वाटलं, माहेरची माती पदराला बांधतेय. तिने ती हळूच सोडून दिली. माती कुठे जाते ते डोळे बारीक करून बघितलं. मग बापाला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभी राहिली, दाजींवरून येणारा सगळा वारा तोंडावर घेत.

दाजी घाबरले. सवयीने त्यांनी लगेच वळसा घालायला पाय उचलला. संगीताने त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि त्यांच्या छातीवर डोकं टेकवलं. दाजींनी दोन्ही हात वर उचलून धरले, शालूला लागू नयेत म्हणून.

"लागल गं," ते म्हणाले. "नवं लुगडं हाय. सासरी जाऊन राहिलीस."

"लागू द्या."

तिच्या सासरचे जीपपाशी उभे होते, सगळं गाव उभं होतं, मी तर तिच्या मागोमाग येऊन हाताच्या अंतरावर होतो. दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. पोरीच्या डोक्याकडे बघत, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "संगे, येतो का?"

"येतो, बाबा," संगीता म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

जीपवाल्याने हॉर्न दिला. ती हलली नाही. मग दाजींचे हात हळूहळू खाली आले.